परिचारिका घडवायच्या की गाळायच्या?

बारावीचा निकाल लागला की नवेगाव बांध आणि आसपासच्या गावांतून एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो. मुलीचा नंबर नर्सिंगला लागेल काय? अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या या टापूत धान, तलाव आणि जंगल हीच उपजीविकेची साधने आहेत. शिकलेल्या मुलीला मानाची आणि पगाराची नोकरी मिळवून देणारे मार्ग येथे मोजकेच आहेत. शिक्षिकेची जागा निघेनाशी झाली, कारकुनीची भरती वर्षानुवर्षे लांबू लागली, आणि त्या प्रमाणात परिचर्येच्या शिक्षणाकडे पाहणाऱ्या डोळ्यांची संख्या वाढत गेली. जेथे इच्छुक अनेक आणि जागा थोड्या, तेथे स्पर्धा आलीच. या स्पर्धेला विद्यार्थिनींनी कसे सामोरे जावे हा एक प्रश्न आहे. समाजाने ती कशी योजावी, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे पहिल्याची चर्चा खाजगी शिकवणीवर्ग करतात. दुसऱ्याची चर्चा कोणीच करीत नाही.

परिचर्येच्या व्यवसायाची ही प्रतिष्ठा फार जुनी नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांनी जेव्हा मुली आणि विधवा स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी पाठविल्या, तेव्हा विद्यार्थिनी मिळविणे हेच मोठे काम होते. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, जातिपातीचा विटाळ बाजूला ठेवायचा, हे त्या काळच्या पांढरपेशा घरांना सहन होण्यासारखे नव्हते. घरोघर जाऊन समजूत घालावी तेव्हा कोठे एखादी मुलगी पुढे येई. आज चित्र उलटे आहे. मुली दाराशी उभ्या आहेत आणि दार अरुंद आहे. एका शतकाच्या अवधीत समाजाने टाकलेले हे पाऊल सामान्य नव्हे. मात्र दाराशी आलेल्यांचे स्वागत कसे करायचे, हे अजून ठरलेले नाही.

या दाराचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण अर्धी भीती अज्ञानातून उपजते. परिचर्येच्या शिक्षणाच्या प्रमुख वाटा तीन आहेत. पहिली सहायक परिचारिका-प्रसाविका म्हणजे ए.एन.एम.; पूर्वी दहावीनंतर मिळणारा हा अभ्यासक्रम आता बारावीनंतर दोन वर्षांचा आहे. दुसरी सामान्य परिचर्या व प्रसविका म्हणजे जी.एन.एम.; तो तीन वर्षांचा असून कला शाखेच्या मुलींनाही खुला आहे. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची. हा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. स्पर्धेची खरी झळ या तिसऱ्या वाटेवर लागते. भारतीय परिचर्या परिषदेने पदवी अभ्यासक्रमाचे नियम बदलून प्रवेश परीक्षा आवश्यक केल्यानंतर २०२२ पासून महाराष्ट्रात राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे ही परीक्षा घेतली जाऊ लागली. १०० प्रश्न, ९० मिनिटे आणि पाच विषय असे तिचे रूप आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल यांना प्रत्येकी २० गुण असतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. उत्तरे संगणकावर द्यावयाची असतात.

वरवर पाहता याहून न्याय्य काय असेल? नागपूरच्या मुलीला जी प्रश्नपत्रिका, तीच नवेगाव बांधच्या मुलीला. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असते, की एकाच बाजारात उभे राहणारे दोन जण समान भांडवल घेऊन आलेले नसतील, तर भाव एकच असूनही व्यवहार समान होत नाही. नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटर आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले गोंदियाही साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे. शिकवणीवर्ग, सरावाचे संगणक, इंग्रजी कानावर पडण्याची सवय आणि माहिती देणारी ओळखीची माणसे हे सारे शहरात एकवटलेले असते. गावातील मुलीला यांपैकी प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत पैशापेक्षा वेळेत अधिक मोजावी लागते.

या वेळेचा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे. ही परीक्षा साधारणतः एप्रिल ते जून या महिन्यांत येते. या भागात मार्च-एप्रिल हा मोहफुले वेचण्याचा आणि पुढे मे हा तेंदूपाने तोडण्याचा काळ. अनेक घरांत वर्षभराची रोख रक्कम याच आठवड्यांत हाताशी येते आणि त्या कामासाठी घरातले सगळे हात लागतात. पहाटे मोहाखाली वाकलेली मुलगी दुपारी रसायनशास्त्राच्या पुस्तकावर डुलक्या घेते, तेव्हा तिच्या बुद्धीला दोष देण्याचे कारण नाही. परीक्षेनंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात, त्या ऐन रोवणीच्या दिवसांत. बियाणे, खत आणि मजुरी यांत घरातला शेवटचा रुपया अडकलेला असतो. धान कापून, मळून, विकून पैसा हाती येतो तो दिवाळीनंतर. महाविद्यालय मात्र अनामत, वसतिगृहाचे शुल्क, गणवेश, पुस्तके आणि खानावळीची आगाऊ रक्कम प्रवेशाच्या दिवशीच मागते. शेतकऱ्याचे पंचांग आणि प्रवेशाचे वेळापत्रक यांची गाठ अशी पडत नाही, आणि या फटीत सावकार उभा असतो.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांमधील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीची व्यवस्था पूर्वीपासून आहे. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार आणि स्वयं या योजनाही आहेत. पण यात दोन गोम आहेत. एक म्हणजे शुल्क सवलत ही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यातील जागेला नाही. त्यामुळे प्रवेश परीक्षेतील चार-दोन गुण गुणवत्ता यादीतील क्रमांकापुरते राहत नाहीत. एका मुलीचे शिक्षण जवळजवळ फुकट आणि दुसरीचे कर्जबाजारी करणारे, असा फरक ते पाडू शकतात. दुसरी गोम अशी, की राहण्या-जेवणाच्या खर्चाची मदत प्रवेशानंतर मिळते, खर्च मात्र प्रवेशापूर्वीच उभा राहतो.

यापुढचा अडथळा कागदांचा. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. यांपैकी एखादा कागद मुदतीत मिळाला नाही, तर राखीव जागेवरचा हक्क त्या वर्षापुरता बुडतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीची नोंद अस्पष्ट असली, की मुलीचे वर्ष त्या एका अक्षरावर टांगलेले राहते. अभ्यासात पहिली आलेली मुलगी कागदात नापास होते, ही या पद्धतीची सर्वांत क्लेशकारक बाजू आहे. आणि ती टाळण्याजोगीही आहे, कारण वैधतेचा अर्ज अकरावीतच करता येतो. तो वेळेवर करवून घेणे हे एका जागरूक शिक्षकाचे आणि एका सहृदय लिपिकाचे काम आहे. या दोघांच्या सहीला तालुक्याच्या गावात जितके मोल आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाला असेल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. परिचारिकेच्या हाती माणसाचा जीव असतो. औषधाची मात्रा चुकली, सलाईनचा वेग चुकला, तर परिणाम भयंकर होतो. अशा व्यवसायात निवड कठोरच हवी. दया दाखवून भागणार नाही. हे मान्य केलेच पाहिजे. जीवशास्त्राची जाण आणि हिशेबातील अचूकपणा यांवाचून परिचारिका होता येत नाही. परंतु कठोर निवड आणि योग्य निवड या दोन गोष्टी एक नव्हेत. भौतिकशास्त्राचा प्रश्न सोडविणारी मुलगी रात्रपाळीत वेदनेने ओरडणाऱ्या बाळंतिणीपाशी थांबेल, की तेथून निघून जाईल, हे ९० मिनिटांच्या परीक्षेला कळत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जेमतेम शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांतील त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर जगाने त्याची दखल घेतली. त्या स्त्रिया कोणत्याही प्रवेश परीक्षेच्या यादीत आल्या नसत्या. यावरून परीक्षा नको असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण परीक्षेने जे मोजले जात नाही त्यालाही किंमत आहे, एवढा बोध त्यातून घ्यावाच लागेल.

दुसरी विसंगती याहून विचित्र आहे. देशात दर हजार लोकसंख्येमागे परिचारिकांची संख्या सुमारे दोन, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणून सांगितले जाणारे प्रमाण तीनचे. रुग्णालयांना परिचारिका हव्या आहेत. आखाती देश, इंग्लंड आणि जर्मनी त्यांना बोलावीत आहेत. कोविडच्या साथीत २०२० आणि २०२१ साली परिचारिकांवाचून काय होते ते प्रत्येक घराने पाहिले. तरीही शिकू इच्छिणाऱ्या मुलीला जागा मिळत नाही आणि काही खाजगी संस्थांतील जागा फेऱ्या संपल्यावरही उरतात. टंचाई आणि रिकाम्या जागा एकाच वेळी नांदत असतील, तर दोष मागणीत किंवा पुरवठ्यात नसून त्यांना जोडणाऱ्या व्यवस्थेत आहे, असे अर्थशास्त्र सांगते. जागा आहेत तेथे शुल्क परवडत नाही, शुल्क परवडते तेथे जागा नाहीत, आणि शिक्षण पुरे झाल्यावर नोकरी मिळते ती पुष्कळदा कंत्राटी. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तो याच असंतोषातून.

मग मुलींनी करावे काय? व्यवस्था सुधारेपर्यंत थांबणे त्यांना शक्य नाही. त्यांच्या दृष्टीने पहिली गोष्ट ही, की परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या पुस्तकांपलीकडचा नाही. पाठ्यपुस्तक दोनदा समजून वाचणारी मुलगी महागड्या वर्गातल्या मुलीपेक्षा फारशी मागे पडत नाही. गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये, एवढे साधे सूत्रही कित्येकींना कोणी सांगितलेले नसते. इंग्रजीचे २० गुण रोजच्या एका उताऱ्याने मिळविता येतात. संगणकाची भीती मात्र पुस्तकाने जाणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील संगणक परीक्षेपूर्वी महिनाभर संध्याकाळी उघडे ठेवले, तर ती आठ दिवसांत जाईल.

दुसरी गोष्ट, एकाच दारावर सगळा भरवसा ठेवू नये. पदवीची जागा हुकली म्हणजे परिचर्येची वाट संपली, हा समज घातक आहे. जी.एन.एम. पूर्ण केलेली परिचारिका पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करून पदवीधर होऊ शकते. म्हणजे ही शिडी आहे. पहिल्या उडीत वरच्या पायरीवर पोहोचलेच पाहिजे असे नाही. एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा देण्याचा निर्णयही हिशेबाने घ्यावा. त्या वर्षाचा खर्च म्हणजे केवळ वर्गाची फी नव्हे, तर एका वर्षाने लांबलेली कमाईही होय. आणि गावाकडे त्या वर्षात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, ही किंमत कोणत्याच कोष्टकात लिहिलेली नसते.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. जेथे स्पर्धा तीव्र, तेथे भोंदूंचा धंदा जोरात. सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देण्याच्या पाट्या तालुक्याच्या गावांतून दिसतात. संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता नसेल, तर तेथील प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. एका एकराचा पैसा घालून मिळविलेला तो कागद भिंतीवर टांगण्यापुरताच उरतो. मान्यतेची यादी पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहून ठेवले पाहिजे.

परंतु सारा भार मुलींवर टाकून समाज मोकळा होऊ शकत नाही. नवेगाव बांध येथे जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. तेथील प्रवेशही परीक्षेनेच होतो. पण ती स्पर्धा जिल्ह्यापुरती असते, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी राखलेल्या असतात. गुणवत्तेची कसोटी सोडलेली नाही, परंतु कोणाची तुलना कोणाशी करायची याचा विवेक त्यात आहे. असाच विवेक परिचर्येच्या प्रवेशात का असू नये? वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० चे प्रादेशिक सूत्र महाराष्ट्राने २०२० साली रद्द केले, ही गोष्ट कोणी पुढे करील. ते सूत्र रद्द झाले ते विभागाविभागांतील महाविद्यालयांची संख्या विषम असल्यामुळे. येथे सुचवायचे ते वेगळे आहे. प्रत्येक शासकीय परिचर्या महाविद्यालयात काही जागा त्याच जिल्ह्यातील ग्रामीण शाळांत शिकलेल्या मुलींसाठी असाव्यात, आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर ठरावीक वर्षे त्याच जिल्ह्यातील आरोग्य केंद्रांत सेवा करण्याचे बंधन असावे. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात टिकून राहण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांना प्रवेशात प्राधान्य द्यावे, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली केली आणि २०२१ साली पुन्हा केली.

संधीही समोर आहे. २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ परिचर्या महाविद्यालये काढण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ चे, म्हणजे या व्याख्येत बसणारे. अशा महाविद्यालयांतील जागा कोणाच्या वाट्याला येतात यावर या योजनेचे मूल्यमापन झाले पाहिजे, इमारतींच्या संख्येवर नव्हे. त्याच्या जोडीला दोन लहान सुधारणा पुरेशा आहेत. प्रवेशाच्या वेळची आगाऊ रक्कम धानाचे पैसे येईपर्यंत बिनव्याजी पुढे ढकलण्याची सोय करावी, आणि निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच द्यावा. या सुधारणांना नवा कायदा लागत नाही. मुलीचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाशी जुळवून घेण्याची इच्छा लागते.

नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. कोहळी समाजाचे तलाव बांधण्यातले कौशल्य साऱ्या झाडीपट्टीला ठाऊक आहे. पाळ बांधून पाणी अडविले की त्यांचे काम संपत नसे. ते पाणी शेवटच्या बांधीपर्यंत नेणारे पाट काढण्यातच त्यांची खरी विद्या होती. वरच्या शेताला भरपूर आणि खालच्या शेताला कोरडे, असे झाले तर तलाव भरलेला असूनही पीक बुडते. राज्यात परिचर्येच्या जागा वाढत आहेत, सवलती जाहीर होत आहेत, परीक्षा चोख घेतल्या जात आहेत. पाणी तर साठले आहे. ते शेवटच्या बांधीतील मुलीपर्यंत पोहोचविणारा पाट मात्र अजून खणावयाचा आहे. तो खणला नाही, तर उद्या याच गावाच्या आरोग्य केंद्रात परिचारिकेची खुर्ची रिकामी राहील, आणि ती भरू शकली असती अशी मुलगी समोरच्या शेतात रोवणी करीत असेल.